खारा वारा, तापलेली जाळी

पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीची बंदी असते. उरणच्या करंजा आणि मोरा बंदरांत या ६१ दिवसांत होड्या शाकारून ठेवतात, जाळी शिवतात, इंजिनं उघडतात. बर्फ कारखान्यांची दुरुस्तीही याच दिवसांत निघते, कारण होड्या समुद्रात नसल्या की बर्फाला गिऱ्हाईक नसतं. वर्षभर ज्या लोखंडी नळ्यांवरून अखंड पाणी ओघळत असतं, त्या आता कोरड्या पडतात आणि त्यांच्यावर काय साचलंय ते उघड्यावर येतं. वर हिरवट-काळं शेवाळ, त्याखाली पांढरं, खरखरीत, चिवट कवच. शेवाळ हाताने निघतं. कवचाला तारेचा ब्रश लागतो, आणि कोपऱ्यात, जिथे पाण्याची धार नीट पोचत नाही, तिथे हातोडीने हलकेच ठोकावं लागतं. तेव्हा कुठे खपली सुटते आणि खालचं लोखंड दिसतं.

या नळ्या म्हणजे कारखान्याचा कंडेन्सर. कॉम्प्रेसर सगळ्यांना माहीत असतो, कारण तो आवाज करतो. थर्मोस्टॅटला बटण असतं, म्हणून तोही ओळखीचा. कंडेन्सर मात्र फ्रिजच्या मागे, दुकानातल्या फ्रीझरच्या पोटाखाली, इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर किंवा कारखान्याच्या गच्चीवर मुकाट्याने तापत असतो. उरणसारख्या गावात तर त्याची काळजी दुप्पट घ्यायला हवी, आणि नेमकी तीच घेतली जात नाही.

थंड करणारं कुठलंही यंत्र थंडी तयार करत नाही. ते आतली उष्णता उचलतं आणि बाहेर नेऊन टाकतं. होडीत शिरलेलं पाणी उपसून समुद्रात टाकावं, तसंच हे उपसणं आहे. फ्रिजमधला द्रवरूप वायू आतल्या नळ्यांत उकळतो आणि उकळताना आजूबाजूची उष्णता शोषून घेतो. कॉम्प्रेसर तो वायू दाबून गरम करतो. मग तो गरम वायू कंडेन्सरमध्ये येतो, अंगातली उष्णता बाहेरच्या हवेला किंवा पाण्याला देतो आणि पुन्हा द्रव होतो. हे देणं अडलं की पुढचं सगळं अडतं. आतली उष्णता उपसायची, पण टाकायला वाट नाही, अशी यंत्राची अवस्था होते.

बर्फाच्या कारखान्यात हे प्रमाण केवढं असतं, याचा हिशेब मांडून पाहण्यासारखा आहे. ३० अंश सेल्सिअसच्या पाण्यापासून उणे ८ अंशांचा एक टन बर्फ करायचा तर त्या पाण्यातून सुमारे १३० युनिट विजेइतकी उष्णता काढावी लागते. त्यासाठी कॉम्प्रेसरने वापरलेली वीजही शेवटी उष्णता होऊनच बाहेर पडते. म्हणजे एका टनामागे कंडेन्सरला पावणेदोनशे युनिटांच्या घरात उष्णता बाहेर टाकावी लागते. दिवसाला दहा टन बर्फ काढणारा छोटा कारखाना घेतला तरी रोज पावणेदोन हजार युनिट. हे सगळं त्या ओघळणाऱ्या पाण्याच्या पातळ थरातून आणि नळीच्या भिंतीतून पार व्हायचं असतं.

आता त्या भिंतीवर खपली धरली की काय होतं? चुनखडीच्या खपलीतून उष्णता पोलादाच्या मानाने सुमारे वीसपट सावकाश जाते. नळीवर मिलिमीटरभर खपली बसली तर नळीची भिंत दोन सेंटिमीटरनी जाड केल्यासारखा परिणाम होतो. उष्णता तर बाहेर पडलीच पाहिजे, म्हणून आतला वायू आणखी तापतो, आणखी दाबला जातो, मगच पूर्वीइतकी उष्णता भिंतीपलीकडे ढकलली जाते. बर्फ कारखान्यांत वायू म्हणून बहुतेक ठिकाणी अमोनिया असतो. कंडेन्सर ३५ अंशांवर चालत असेल तर अमोनियाचा दाब साडेतेरा बारच्या आसपास राहतो. ४५ अंशांवर गेला की तो पावणेअठरा ते अठरा बार होतो. प्लांट चालवणारा अनुभवी ऑपरेटर गेजकडे बघून ओळखतो, की कंडेन्सर घाण झालाय. दाब वाढल्यावर विजेचं मीटरही वेगाने फिरतं. या धंद्यातला सर्वमान्य ठोकताळा असा, की कंडेन्सरचं तापमान एक अंशाने वाढलं की कॉम्प्रेसरची वीज साधारण दोन ते तीन टक्क्यांनी वाढते. दहा अंश वाढले तर पाव हिस्सा वीज वाया जाते, आणि बर्फ एक लादीसुद्धा जास्त निघत नाही.

ही खपली येते कुठून, याचं उत्तर पाण्यात आहे. नळ्यांवरून वाहणारं पाणी उष्णता घेतं ती बव्हंशी वाफ होऊन. एक टन बर्फामागे जवळजवळ अडीचशे लिटर पाणी असं हवेत उडून जातं. पाणी उडतं, पण त्यातले क्षार उडत नाहीत. लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्षार असलेलं पाणी वापरलं तर टनामागे सव्वाशे ग्रॅम क्षार मागे राहतात. दहा टनांच्या कारखान्यात रोज सव्वा किलो, महिन्याला पस्तीस-चाळीस किलो. यातला काही भाग टाकीच्या तळाशी बसतो, काही पाण्यात विरघळून राहतो आणि पाणी दिवसेंदिवस घट्ट होत जातं. उरलेला नळ्यांवर चिकटतो, आणि चिकटतो तो नेमका सर्वांत गरम जागी, कारण कॅल्शियम कार्बोनेट गरम पाण्यात कमी विरघळतं. म्हणून टाकीतलं थोडं पाणी रोज सोडून देऊन ताजं भरणं हे या कारखान्यातलं सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी काम आहे. उन्हाळ्यात पाणी टँकरने येत असेल तेव्हा ते सोडून देणं जिवावर येतं, आणि नेमकी तेव्हाच खपली सगळ्यात भराभर वाढते. मचूळ विहिरीचं पाणी वापरणाऱ्याला तर याची किंमत दुहेरी मोजावी लागते, खपलीची आणि गंजाची.

उरणला मीठ काही नवं नाही. या तालुक्यात पिढ्यान्पिढ्या मिठागरं पिकली. बर्फ कारखान्याच्या आतही मीठच काम करतं. पाण्याने भरलेले पत्र्याचे डबे ज्या टाकीत बुडवून ठेवतात, तिच्यातलं पाणी खारं असतं, म्हणून ते शून्याखाली दहा-बारा अंश गेलं तरी गोठत नाही आणि डब्यातलं गोडं पाणी मात्र गोठतं. साध्या मिठाचं पाणी योग्य प्रमाणात असेल तर उणे २१ अंशांपर्यंत द्रवच राहू शकतं. टाकीत बर्फ घडवणारं हे मीठ बाहेर, कंडेन्सरवर बसलं की यंत्र खातं.

उरणच्या पश्चिमेला मुंबई बंदराचं पाणी, दक्षिणेला करंजाची खाडी, उत्तरेला न्हावा-शेव्याकडची खाडी. मुंबई बंदरात शिरणाऱ्या जहाजांच्या उजव्या हाताला जो डोंगर दिसतो तो इथला द्रोणागिरी. तिन्ही बाजूंच्या पाण्यावरून येणाऱ्या वाऱ्यात मिठाचे अतिसूक्ष्म थेंब असतात. किनाऱ्यालगतच्या काही शे मीटरांत त्यांचा मारा सर्वांत जास्त असतो, आणि उरणमध्ये जिकडून वारा येईल तिकडे किनारा जवळच असतो. मीठ हवेतली ओल ओढून घेतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मिठाचा कोरडा कण स्वतःच विरघळून थेंब होतो. कोकणात अशा रात्री वर्षभर असतात. म्हणजे कंडेन्सरवर बसलेलं मीठ दिवसा सुकतं, रात्री ओलं होतं आणि प्रत्येक ओलीबरोबर धातूवर काम करत राहतं.

हवेने थंड होणाऱ्या कंडेन्सरमध्ये, म्हणजे एसीच्या आऊटडोअर युनिटमध्ये आणि दुकानातल्या फ्रीझरमध्ये, बहुधा तांब्याच्या नळीवर ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्या घट्ट बसवलेल्या असतात. पत्री मिलिमीटरच्या दहाव्या भागाइतकी जाड आणि दोन पत्र्यांमधलं अंतर दीड-दोन मिलिमीटर. तांबं आणि ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून असले आणि मध्ये खारट ओल आली, की तिथे बॅटरीच तयार होते. त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. नळीला पत्री जिथे धरते तिथेच ते पांढऱ्या भुकटीसारखं सुटू लागतं. बाहेरून पाहिलं तर जाळी शाबूत दिसते, पण पत्रीची नळीवरची पकड सुटलेली असते आणि उष्णता नळीतून पत्रीत जातच नाही. बोटाने दाबलं की अशी जाळी चुरा होते. एकदा ही वेळ आली की साफसफाईने काही होत नाही, कंडेन्सरच बदलावा लागतो.

पावसाबद्दल एक मोठा गैरसमज आहे. पावसाळ्यात यंत्र गंजतं, म्हणून लोक आऊटडोअर युनिट छज्ज्याखाली, पत्र्याच्या आडोशाला घालतात. किनाऱ्यावर उलटं घडतं. पाऊस मीठ धुऊन नेतो. उघड्यावरचं युनिट चार महिने आयतं धुतलं जातं आणि आडोशाचं कोरडं राहून मीठ साठवत बसतं. समुद्रकाठच्या लोखंडी जिन्याची खालची बाजू वरच्या बाजूपेक्षा जास्त गंजते, त्याचंही कारण हेच. उरणमध्ये खरा धोका ऑक्टोबर ते मे या आठ महिन्यांचा. तेव्हा पाऊस नसतो, समुद्रावरून दुपारचा वारा रोज येतो आणि जाळीवर मिठाचे थर एकावर एक चढतात. त्यात उरण-पनवेल रस्त्यावरून रात्रंदिवस जाणाऱ्या ट्रेलरची धूळ मिसळते. मीठ धुळीला धरून ठेवतं, धूळ मिठाची ओल धरून ठेवते.

ट्रेलरची ही रांग जिथे जाते ते जवाहरलाल नेहरू बंदर २६ मे १९८९ रोजी सुरू झालं. देशातल्या कंटेनर वाहतुकीचा फार मोठा हिस्सा आज इथून जातो, आणि त्यात पांढरे रीफर, म्हणजे माल थंड ठेवणारे, कंटेनर असतात. नाशिकची द्राक्षं, कोकणचा हापूस, गोठवलेली कोळंबी, गोठवलेलं मांस यांतूनच परदेशी जातं. द्राक्षाला शून्याच्या जरा खालचं तापमान लागतं, हापूसला सुमारे १३ अंश, मासळीला उणे १८ किंवा त्याहून कमी. प्रत्येक रीफरच्या एका तोंडाला त्याचं स्वतःचं यंत्र बसवलेलं असतं आणि त्यात हवेने थंड होणारा कंडेन्सर. कंटेनर भरण्यापूर्वी त्याची तपासणी होते, यंत्र चालवून पाहतात, कॉइल धुतात. ही तपासणी उगाच नाही. एकदा जहाजावर चढलेला कंटेनर पुढचे काही आठवडे खाऱ्या वाऱ्यात चोवीस तास चालणार असतो. २०२३ च्या अखेरीपासून तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे बऱ्याच जहाजांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घातला आणि युरोपचा प्रवास लांबला. नाशिकच्या बागाईतदाराच्या दृष्टीने तो लांबलेला प्रत्येक दिवस म्हणजे कंडेन्सरच्या भरवशावर काढलेला दिवस.

घरात फ्रिज येण्याआधी थंडीसुद्धा समुद्रावरूनच आपल्याकडे आली होती. १८३३ साली अमेरिकेतल्या बॉस्टनहून निघालेलं तलावाच्या बर्फाचं जहाज चार महिन्यांनी कोलकात्याला लागलं. पुढे तो बर्फ मुंबईतही येऊ लागला. त्याच सुमारास, १८३४ मध्ये, जेकब पर्किन्सने इंग्लंडमध्ये वायू दाबून थंड करणाऱ्या यंत्राचं पेटंट घेतलं. आजही फ्रिज त्याच तत्त्वावर चालतो आणि त्या पहिल्या आराखड्यातही कंडेन्सर होताच. वायू बदलले, नळ्या बदलल्या, पण या तत्त्वावर चालणाऱ्या कुठल्याही यंत्राला उष्णता बाहेर टाकणारा हा भाग अजूनही लागतोच.

मासळीच्या बाबतीत कंडेन्सरच्या घाणीचा परिणाम विजेच्या पैशांच्या पलीकडे जातो. शून्य अंशाला बर्फात ठेवलेली मासळी जेवढे दिवस टिकते, त्याच्या चौथ्या हिश्शाइतकीच ती दहा अंशांना टिकते. बांगडा, कुपा यांसारख्या माशांत तर चार अंशांच्या वर तापमान राहिलं की काही जीवाणू हिस्टामीन तयार करतात, ते शिजवल्यानेही जात नाही आणि खाणाऱ्याच्या अंगावर पुरळ उठतं. होडीच्या खणात भरपूर बर्फ असेल तर पापलेट-सुरमईला भाव येतो. बर्फ कमी पडला तर तोच माल सुकवायला किंवा कुटीसाठी, म्हणजे भुकटी करायला, जातो. आणि कारखान्याचा कंडेन्सर घाण असेल तर लादी गोठायला वेळ लागतो. होडीवाला पहाटे बर्फ न्यायला येतो तेव्हा लादीचा गाभा कच्चा असतो, फोडल्यावर मधून पाणी निघतं. अशा बर्फाला वजन असतं, पण थंडी कमी असते.

बाजारपेठेतल्या दुकानांत हीच गोष्ट लहान प्रमाणात रोज घडते. थंड पेयांचं काचेचं कपाट किंवा आइस्क्रीमचा फ्रीझर घ्या. त्याचा कंडेन्सर खाली, पुढच्या किंवा मागच्या जाळीआड असतो आणि पंखा जमिनीलगतची हवा ओढतो. म्हणजे झाडू मारताना उडणारी धूळ, पोत्यांचे तंतू, केस, पिठाची भुकटी, सगळं त्या जाळीत. काही महिन्यांत पत्र्यांवर जाड, करड्या बुरशीसारखं आवरण तयार होतं. त्यापुढे कुणीतरी साखरेचं पोतं किंवा पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट सरकवून ठेवतं. यंत्र बंद पडत नाही. ते फक्त जास्त वेळ चालतं, मग थांबायचंच सोडून देतं. दिवसाला सहा युनिट खाणाऱ्या फ्रीझरचा कंडेन्सर दहा अंश जास्त तापला, तर वरच्या ठोकताळ्याने वर्षाला साडेचारशे ते साडेसहाशे युनिट जादा जातात. बिल वाढतं, पण बिलावर कंडेन्सरचं नाव नसतं, म्हणून दोष उन्हाळ्याला जातो.

मग एप्रिलच्या दुपारी फ्रीझर खटकन बंद पडतो आणि रात्री आपोआप चालू होतो. मेकॅनिक येतो आणि बऱ्याचदा ‘गॅस कमी झालाय’ असं सांगून गॅस भरून जातो. इथे ग्राहकाने ठाम राहायला हवं. बंद नळ्यांमधला वायू पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे आणि आधी ती शोधून बुजवली पाहिजे. गळती नसेल तर वायू पुरेसा आहे आणि दुपारी बंद पडण्याचं कारण बहुधा घाण कंडेन्सर आहे. जाळी साफ न करता वर गॅस भरला तर दाब आणखी वाढतो. चांगला मेकॅनिक आधी जाळीकडे बघतो, पंखा फिरतोय का ते बघतो, मगच गेज लावतो. अशी माणसं उरणमध्ये आहेत. त्यांना धरून ठेवावं आणि त्यांच्या वेळेचे पैसे खळखळ न करता द्यावेत.

गळतीचा दुसराही हिशेब आहे. अनेक एसींमध्ये असलेला आर-४१०ए हा वायू एक किलो सुटला तर तो दोन टनांहून जास्त कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता वातावरणात अडकवतो. असे वायू हळूहळू कमी करण्याचा किगाली करार २०१६ साली झाला आणि भारताने तो २०२१ मध्ये मान्य केला. मिठाने खाल्लेल्या एका नळीतून काय जातं, हे त्यावरून कळावं.

घरच्या फ्रिजचं काम त्या मानाने सोपं. जुन्या फ्रिजच्या पाठीला काळी जाळी दिसते, ती दर दोन-तीन महिन्यांनी प्लग काढून मऊ ब्रशने झटकली की झालं. नव्या फ्रिजमध्ये कंडेन्सरच्या नळ्या बाजूच्या पत्र्याआड असतात. म्हणून त्यांच्या बाजू हाताला गरम लागतात आणि लोक घाबरतात. त्यात बिघाड काही नाही. फक्त दोन्ही बाजूंना आणि मागे चार बोटं तरी हवा खेळू द्यावी. फ्रिज कपाटात कोंबून वर पापडाचे डबे आणि बाजूला पिशव्या लटकवल्या की उष्णतेला वाटच उरत नाही. वीज बचतीचे तारे सरकारने २००६ पासून द्यायला सुरुवात केली. हे तारे स्वच्छ, नव्या यंत्राची प्रयोगशाळेत मोजणी करून दिलेले असतात. धुळीने भरलेल्या पाच ताऱ्यांच्या यंत्राकडून पाच ताऱ्यांची बचत होत नाही.

एसीचं आऊटडोअर धुताना मात्र काही पथ्यं पाळावी लागतात. आधी मेन स्विच बंद. पंख्याची मोटर आणि विजेचा डबा प्लास्टिकने झाकायचा. आधी कोरडी धूळ मऊ ब्रशने पत्र्यांच्या दिशेने, म्हणजे वरून खाली काढायची. आडवा ब्रश मारला की पत्र्या वाकतात आणि हवेची वाटच बुजते. मग साध्या पाण्याची हलकी धार, शक्य असेल तर आतून बाहेर, म्हणजे घाण आली त्याच वाटेने परत जाते. गाड्या धुण्याचं जोरदार मशीन जाळीवर धरलं तर पत्र्या जमीनदोस्त होतात. संडास धुण्याचं ॲसिड ॲल्युमिनियमला खातं, त्याला जवळही आणू नये. आणि उरणकरांसाठी सर्वांत महत्त्वाचं: पाणी गोडं हवं. मचूळ विहिरीचं किंवा बोअरचं खारट पाणी मारलं तर मीठ घालवण्याऐवजी मीठ चोळल्यासारखं होतं. पिरवाडीसारख्या समुद्राच्या तोंडावरच्या भागात पावसाळा सोडून दर महिन्याला ही आंघोळ घालावी, आत गावात दर तीन महिन्यांनी तरी. कंपनीच्या वार्षिक करारात वर्षाला दोन सर्व्हिसिंग लिहिलेली असतात. ती नागपूर-पुण्याच्या हवेला पुरतील, उरणच्या हवेला पुरत नाहीत. नवं युनिट घेताना जाळीवर गंजरोधक लेप आहे का ते विचारावं, आणि तो असला तरी धुणं चुकत नाही, कारण लेप मिठाला धातूपासून दूर ठेवतो पण हवेची वाट मोकळी करत नाही.

काही कामं मात्र स्वतः करायची नाहीत. बर्फ कारखान्यातल्या नळ्यांवरची खपली रसायनाने काढायची असेल तर ते प्रशिक्षित माणसाचं काम आहे, नाहीतर खपलीबरोबर नळीही विरघळते. अमोनियाचा वास फार थोड्या प्रमाणातही येतो आणि हीच त्यातली सुरक्षितता आहे. वास आला की मास्कशिवाय आत जायचं नाही, वाऱ्याच्या वरच्या अंगाला सरकायचं आणि लोकांना तिकडेच न्यायचं. आजच्या अनेक फ्रिजमध्ये आर-६००ए हा वायू असतो, तो ज्वालाग्राही आहे, म्हणून नळी सुरीने खरवडणं किंवा जवळ ठिणगी पाडणं टाळावं.

आणि सर्वांत धोक्याचं काम उंचीवरचं. द्रोणागिरी नोडमध्ये आता उंच इमारती उभ्या राहिल्यात. २०२४ च्या जानेवारीत अटल सेतू खुला झाला, त्याच दिवशी लोकलही उरणपर्यंत पोचली, आणि वस्ती झपाट्याने वाढते आहे. या इमारतींच्या भिंतींवर आऊटडोअर युनिटं लोखंडी ब्रॅकेटवर टांगलेली दिसतात, जिथे हात पोचत नाही, उभं राहायला जागा नाही आणि ब्रॅकेटही त्याच खाऱ्या हवेत गंजत असतात. तिथे जाळी धुवायची म्हणजे एखाद्या तरुण मेकॅनिकने खिडकीतून बाहेर पाय टाकायचा, बहुधा कमरेला दोर न बांधता. म्हणून ती जाळी वर्षानुवर्षं कुणी धूत नाही. दोन युनिटं समोरासमोर किंवा अरुंद डक्टमध्ये बसवलेली असतात तिथे तर एकाची गरम हवा दुसरं ओढतं. दीड टनाचा एक एसी चालताना साडेसहा किलोवॅटच्या आसपास उष्णता बाहेर फेकतो. अशी वीस युनिटं एका डक्टमध्ये कोंबली की त्या डक्टचं तापमान काय होत असेल, याचा विचार नकाशा काढतानाच व्हायला हवा.

उरणमध्ये नव्या इमारतींना परवानगी देताना आऊटडोअर युनिटसाठी पाय ठेवता येईल असा कठड्याचा सज्जा, दोर अडकवायला पक्का हुक आणि गोड्या पाण्याचा एक नळ एवढ्या तीन गोष्टी सक्तीच्या कराव्यात. ज्या सोसायट्या आधीच उभ्या आहेत त्यांनी येत्या दिवाळीपूर्वी आपल्या भिंतींवरचे ब्रॅकेट तपासून घ्यावेत, सगळ्या युनिटांची धुलाई एकाच दिवशी, दोर-पट्टा असलेल्या माणसांकडून, सामायिक खर्चाने करून घ्यावी आणि पाऊस सुरू होईपर्यंत ती नेमाने चालू ठेवावी.